कोण न्हाई ते बघायचं

कुठल्याही सभेत कुणी 'मागच्या सभेचं इतिवृत्त' एवढं म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. बचत गटाची बैठक असो की शाळेतली पालकसभा. शेजारची बाई विचारते, काय गं, बरं वाटत नाही का, पाणी देऊ? मी नाही म्हणते. तिला काय सांगणार? पाटस आणि वरवंडच्या मधल्या आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं मी नऊ वर्षं ग्रंथपाल होते आणि आप्पा कार्यवाह होते. पोटातला हा गोळा त्यांचीच देणगी आहे.

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. निवृत्त झाले, पण कंपनीचे जाड बूट काही निवृत्त झाले नाहीत. लग्नाला तेच, मयताला तेच, वाचनालयातही तेच. खिशाला दोन पेनं असायची, एक निळं आणि एक लाल. लाल पेन दप्तरातल्या चुका खोडण्यासाठी. "निळं संपलं तर उसनं घिऊ," म्हणायचे, "लाल संपलं तर वाचनालय बंद."

वाचायची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. प्रत्येक पुस्तक वाचनालयात आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो. आप्पा त्या क्रमांकानं वाचायचे. एक नंबरपासून सुरुवात केलेली. त्यामुळं शेळ्यांचे रोग झाले की प्रेमकथा, प्रेमकथा झाली की दहावीचं भूमितीचं गाईड. एकदा लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक आलं तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, हे सोडा की. पुढचं छान आहे, प्रवासवर्णन आहे."

"मधीच उडी मारली तर मागं कोण राह्यलं ते कळतं का?" असं म्हणून त्यांनी मुरंबा घरी नेला. आठ दिवसांनी परत आणला आणि मला सांगितलं की पान चाळीसवर साखर जास्त सांगितलीय.

मागं कोण राहिलं ही त्यांची जुनी काळजी. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना वडील मोजायचे नाहीत म्हणे. नुसती नजर फिरवायचे आणि सांगायचे, ती कानफाटी आली नाही, तिचं कोकरू आलं नाही. "मोजणारा चुकतो," आप्पा सांगायचे. "किती हायत ते मोजायचं न्हाई. कोण न्हाई ते बघायचं." वाचनालयाच्या सभेतही ते तसंच करत. दारात उभे राहून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि म्हणायचं, गुरव न्हाई, डेअरीवाला न्हाई, पोस्टातली ताई न्हाई. मग सभा सोडून त्यांच्या घरी माणूस धाडायचा. चहा मात्र ठराव झाल्याशिवाय कुणालाही नाही. आधी चहा दिला तर लोक चहाला येतात, असं त्यांचं मत.

आजूबाजूच्या वाचनालयांच्या सभा कशा होतात हे मला चांगलं माहीत होतं. घरी बसून इतिवृत्त लिहायचं, रजिस्टर काखेत मारायचं आणि गावात फिरून सह्या गोळा करायच्या. तपासणीला साहेब आले की सह्या दिसतात, माणसं कुठं दिसतात? गणसंख्या, म्हणजे सभेला लागतात तेवढी किमान माणसं, भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा भरवायची अशी सोय बहुतेकांच्या घटनेत असते. आमची घटना आप्पांनी लिहिली. त्यात ती सोय नाही.

"अर्ध्या तासात काय माणसं उगवत्यात?" असं विचारून त्यांनी ते कलमच काढलं होतं. आमच्याकडं एकशे ऐंशी सभासद, त्यातले साठ एका जागी, एका वेळी बसलेले हवेत, तरच सभा. आणि नियम एकोणीस: दप्तरात खोटी नोंद करणारा, पदाधिकारी असो की सेवक, त्या दिवसापासून पदावर राहणार नाही. हा नियम वाचून नवे सभासद हसायचे. मी हसायची नाही.

कारण दप्तर माझ्याकडं असायचं आणि आप्पा रोज पाचच्या ठोक्याला माझ्याकडून त्याचा चार्ज घ्यायचे. कंपनीत शिफ्ट बदलताना जसा देतात तसा. टेबलापुढं उभं राहून तीन प्रश्न. "चालू काय? बंद काय? गळतंय काय?" चालू म्हणजे कोणती पुस्तकं बाहेर आहेत. बंद म्हणजे घड्याळ, पंखा, न आलेलं वर्तमानपत्र. गळतंय म्हणजे जे बिघडत चाललंय पण अजून कुणी बोललेलं नाही ते. पहिली दोन उत्तरं मला यायची. तिसऱ्याला मी रोज अडखळायची. एकदा मी "काही नाही" म्हटलं तर ते म्हणाले, "पोरी, चालू बॉयलर कुठंतरी गळतोच. कुठं ते ठाऊक पायजे. आन् चार्ज ज्याच्याकडं, जबाबदारी त्याची. व्हॉल्व कुणी फिरवला हे मागनं."

सभेतला त्यांचा आणखी एक छळ म्हणजे इतिवृत्त. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं की कुठंही लोक 'मंजूर, मंजूर' म्हणून पुढं सरकतात. आप्पा तीनदा विचारायचे, "दुरुस्ती?" आणि प्रत्येक वेळी थांबायचे. इतके थांबायचे की माणसं चुळबुळत, खोकत, छताकडं बघत. एकदा त्या शांततेत एका म्हाताऱ्यानं हात वर केला आणि सांगितलं की सभा उत्साहात पार पडली असं लिहिलंय, पण आपन समदे पेंगत होतो. आप्पांनी सूचक-अनुमोदक विचारून 'उत्साहात' हा शब्द लाल पेनानं खोडला.

देणगीचं तेच. देणगी द्यायची तर आधी सभासद व्हा, एक पुस्तक न्या, मग द्या. आमच्या गावात उसाच्या वाहतुकीचे ट्रक असलेले एक शेठ आहेत. दिलदार माणूस. त्यांनी कपाटासाठी देणगी देऊ केली तेव्हा आप्पांनी त्यांनाही पुस्तक घ्यायला लावलं. शेठनी हसत हसत घेतलं. ते त्यांनी आजतागायत परत केलेलं नाही.

गोष्ट बिघडली ती जागेवरून. वाचनालय दूध डेअरीच्या जुन्या खोलीत होतं. डेअरीला दूध थंड करायचं मशीन बसवायचं होतं, त्यांनी महिन्यात खोली मागितली. तपासणी तोंडावर आलेली. वाचनालयाला जागाच नाही म्हटल्यावर मान्यता राहणार कशी? मान्यता नाही तर सरकारी अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर माझं मानधन नाही. मानधन तुटपुंजं, तेही अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा. पण नवऱ्याचं काम ठेकेदाराकडं, आज आहे उद्या नाही. मुलगी दौंडला नर्सिंगला. घरात माझंच काय ते भरवशाचं. त्या महिन्यात माझी भूक मेली. कुणी वाचनालयाच्या पायरीवर पाय ठेवला की वाटायचं, हा आता काहीतरी वाईटच सांगणार.

तेव्हा शेठ धावून आले. हायवेच्या पल्याड त्यांची जागा होती, तिथं ते हॉल बांधून देणार होते. दोन अटी होत्या. हॉलला त्यांच्या आईचं नाव आणि कार्यकारी मंडळात त्यांच्या घरच्या चार जणांना कायमच्या जागा. मला तर देव पावल्यासारखं झालं. चार काय, आठ घ्या म्हणाले असते मी. पण घटना बदलायची म्हणजे विशेष सभा हवी, आणि सभेला साठ माणसं हवीत.

पहिल्या सभेला चौतीस आली. आप्पांनी नजर फिरवली, नसलेल्यांची नावं घेतली आणि सभा झाली नाही असं लिहून मोकळे झाले. मी काकुळतीला आले.

"आप्पा, तुम्हाला हॉल नकोय का? तसं सांगा तरी."

"मला हवा का नको, हा प्रश्नच न्हाई पोरी. साठ लोकांनी बसून सांगावं. मग हॉलात जाऊ न्हाईतर दुसरी जागा बघू."

"आणि साठ आलेच नाहीत तर?"

"तर का आलं न्हाईत ते बघू."

तपासणीला पंधरा दिवस राहिले होते. दुसरी सभा मंगळवारी अकराला ठरली. मी ग्रुपवर रोज दोनदा मेसेज टाकले, फोन केले, पाया पडायची तेवढी राहिले. तरी हिशेब पन्नाशीच्या पुढं जाईना. मंगळवारी सकाळी मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि कांद्याच्या रानात गेले.

तिथं माझ्या अकरा सभासद बायका होत्या. त्यांची सावड होती. म्हणजे आज हिच्या रानात, उद्या तिच्या रानात, सगळ्यांनी मिळून काम उरकायचं. त्यांची म्होरकी एक मावशी. ह्या अकरा जणी मिळून एकच पुस्तक नेत. रानात दहा जणी कांदा काटायच्या, म्हणजे त्याची पात कापायच्या, आणि एक जण बांधावर बसून मोठ्यानं वाचायची. वाचणारीच्या वाटणीचा कांदा बाकीच्या काटायच्या. सगळ्या तालुक्यात असे वाचक शोधून सापडायचे नाहीत. पण सभेला त्या कधी आल्या नव्हत्या, आणि मीही कधी आग्रह केला नव्हता. काढणीच्या दिवसांत त्या कशा येणार?

"इथं सही करा मावशी, सभेची आहे," मी म्हटलं.

"सभा कुठं हाय?"

"वाचनालयात. अकराला."

"आन् आमी तर हितं हावोत."

"चालतं तेवढं. सगळीकडं चालतं."

मावशींनी माझ्याकडं जरा बघितलं. मग हात लुगड्याला पुसून सही केली. मागोमाग दहा जणींनी केली. मी रजिस्टर मिटून पिशवीत घातलं आणि निघाले. वाटेत स्वतःलाच समजावलं की सह्या त्यांच्याच आहेत, कुणाची खोटी सही मी केलेली नाही.

अकराला एकोणपन्नास माणसं जमली. मी त्यातलीच एक. शेठ पुढच्या खुर्चीत. अध्यक्षांनी रजिस्टर बघितलं आणि साठ सह्या आहेत, सभा सुरू करू म्हणाले. मी खाली मान घालून बसले होते.

आप्पा दारात उभे राहिले. नजर फिरली, सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "मावशी न्हाई," ते म्हणाले. "तिची जाऊ न्हाई. तळ्याकडची सासू न्हाई, तिची सून न्हाई..." अशी अकरा नावं झाली. मग त्यांनी रजिस्टर उघडलं. त्या पानाला रानातली माती लागलेली होती. मला वाटलं, ते आता माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"सभा उठलेली न्हाई," ते म्हणाले. "जागा बदलली. समद्यांनी कांद्याच्या रानात चलायचं."

मोठा गलका झाला. अध्यक्ष म्हणाले, असं कुठं असतंय का आप्पा. आप्पांनी घटना पुढं केली, सभेची जागा कुठं हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. गळीत हंगाम उरकत आला होता, शेठच्याच उसाच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या उभ्या होत्या. एकोणपन्नास माणसांतली बरीचशी ट्रॉलीत चढली, बाकीची मोटारसायकलींवर निघाली, शेठ गाडीतून मागं आले. त्यांना हसावं की चिडावं हे कळत नव्हतं.

रानात पोचलो तेव्हा तळ्याकडची सून वाचत होती. एवढी गर्दी बघून ती गप्प झाली. आप्पा म्हणाले, "पान पुरं कर." आणि आम्ही सगळे, शेठसुद्धा, पान संपेपर्यंत बांधावर उभे राहिलो. गोष्टीतला माणूस नेमका विहिरीत उतरत होता.

मग सभा भरली. आप्पांनी आधी लाल पेनानं त्या अकरा सह्या खोडल्या आणि अकरा जणींना नव्यानं सह्या करायला दिल्या. विषय वाचला. मावशींनी पहिलाच प्रश्न विचारला, "हॉल बांधणार कुठं?"

"हायवेच्या पल्याड," अध्यक्ष म्हणाले.

"मग आमाला कशाला इचारता? त्या रस्त्यानं गाड्या कशा सुटत्यात बघितलंय का? आमच्या नणंदेला वलांडताना उडवलं, दोन वर्षं झाली, अजून कुबडी हाय. पुस्तकासाठी जीव द्यायचा का?"

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही सगळे मोटारसायकलवाले.

"आईचं नाव द्या, काय न्हाई त्याचं," मावशी शेठना म्हणाल्या. "आई समद्यांचीच. पण तुमच्या घरातली चार मानसं कायमची बसनार. त्यातलं पुस्तक कोण नेतं?"

शेठ हसले. मग त्यांचं हसू गेलं. मला वाटतं त्यांना ते परत न केलेलं पुस्तक आठवलं असावं.

हात वर झाले. शेठच्या बाजूनं मोजके, त्यातला एक माझा. हॉल गेला. मावशी म्हणाल्या, कांदा साठवायच्या माझ्या चाळीतला एक कप्पा मोकळा ठेवते, तिथं आणा कपाटं. चाळीतलं वाचनालय बघून तपासणीचे साहेब काय म्हणतील?

सभा संपली असं वाटत होतं, तर आप्पा म्हणाले, "नियम एकोणीस. आज दप्तरात अकरा सह्या सभेआधीच पडल्या. दप्तर माझ्या ताब्यातलं. चूक कार्यवाहाची. मी पद सोडलं."

"अवो पण त्या सह्या..." मावशींनी तोंड उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. अकराही जणींनी पाहिलं. मी एक शब्द बोलायचा होता. मुलीची फी, नवऱ्याचा ठेकेदार, तपासणी, सगळं एकदम डोक्यात आलं आणि तो शब्द काही निघाला नाही. मावशींनी तोंड मिटलं. आप्पांनी बांधावर बसून, मांडीवर रजिस्टर ठेवून इतिवृत्त लिहिलं आणि ट्रॉलीत न बसता पायी गावाकडं निघाले.

तपासणी झाली. साहेब कांदाचाळीत आले, चकित झाले, रजिस्टरातली खोडाखोडीची पानं त्यांनी दोनदा वाचली. वाचनालयाचा वर्ग एक पायरी खाली आला, पण मान्यता राहिली. माझं मानधन थोडं घटलं, पण राहिलं. आणि कहर म्हणजे, नवा कार्यवाह निवडेपर्यंत ते काम अध्यक्षांनी माझ्याकडंच दिलं. "आप्पांच्या तालमीत तयार झालेली आहे," असं म्हणून.

त्यानंतरचे पाच महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. आप्पा रोज पाचला चाळीत यायचे. पुढच्या क्रमांकाचं पुस्तक घ्यायचे, सही करायचे, जायचे. तीन प्रश्न विचारणं त्यांनी बंद केलं होतं. पाच वाजले की मी त्या प्रश्नांची वाट बघत उभी राहायची, आणि ते जिना उतरल्यासारखे बूट वाजवत निघून जायचे. एकदा मी त्यांच्या मागं धावले.

"आप्पा, त्या सह्यांचं..."

"मी आता साधा सभासद हाय पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "दप्तराचं दप्तरात बोलावं. रस्त्यात न्हाई."

वार्षिक सभा आली. ती आम्ही आता रानातली कामं उरकल्यावर, संध्याकाळी पाचला, चाळीच्या अंगणात ठेवली होती. मी दारात उभी राहिले आणि नजर फिरवली. गुरव होता, पोस्टातली ताई होती, मावशी आणि सावडीतल्या दहाही जणी पुढं बसल्या होत्या. शेठसुद्धा आले होते, तेही पुस्तक हातात घेऊन. साठाच्या वर माणसं भरली होती. आप्पा सगळ्यांत मागं, खांबाला टेकून.

पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त. मी वाचत गेले. 'चूक कार्यवाहाची' हे शब्दही वाचले. मग विचारायचं होतं ते विचारलं.

"दुरुस्ती?"

मी थांबले. आप्पा जेवढे थांबायचे तेवढी.

"दुरुस्ती?"

मावशी जमिनीवरचं कांद्याचं साल बोटानं चुरत होत्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारायचं, थांबायचं, आणि पुढच्या विषयावर जायचं. मग ते इतिवृत्त कायम होईल. माझ्या सहीनं कायम होईल, आणि पुढं कुणीही ते बदलू शकणार नाही.

"दुरुस्ती?" मी म्हटलं, आणि मीच हात वर केला. "आहे. एक दुरुस्ती आहे. त्या अकरा सह्या मी घेतल्या होत्या. सभेच्या दिवशी सकाळी, रानात येऊन. आप्पांना माहीत नव्हतं. चूक कार्यवाहाची नाही, ग्रंथपालाची आहे. नियम एकोणीस मला लागू. सूचक मी." मी रजिस्टर खाली ठेवलं. "अनुमोदक?"

खोटं कशाला बोलू, अजूनही मला वाटत होतं की कुणी हात वर करू नये. अनुमोदक मिळाला नाही तर दुरुस्ती पडते. कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं, पुढचा विषय घ्या. अध्यक्ष तसं म्हणण्याच्या बेतात होतेसुद्धा. मी आप्पांकडं बघितलं. एकदा त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मनातून मी पुन्हा तेच मागत होते.

आप्पांनी हात वर केला.

"अनुमोदन," ते म्हणाले. मग खिशातलं लाल पेन काढून पुढच्या माणसाकडं दिलं. त्यानं त्याच्या पुढच्याला दिलं. गुरवाकडून ताईकडं, ताईकडून शेठकडं, अशा हातांतून ते पेन पुढं येत राहिलं आणि शेवटी मावशींनी ते माझ्या हातात ठेवून क्षणभर माझी मूठ दाबली. मी 'कार्यवाहाची' हा शब्द खोडला आणि त्याच्या वर माझं नाव लिहिलं.